किंग आणि बोनहोफर यांच्या मधला बिशप

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या पश्चिम दारावर दहा कोनाडे आहेत. मध्ययुगापासून ते रिकामेच होते. ९ जुलै १९९८ रोजी तिथे विसाव्या शतकातल्या दहा ख्रिस्ती हुतात्म्यांच्या पुतळ्यांचं अनावरण झालं. त्यांत मार्टिन ल्यूथर किंग आहेत, ते बाप्टिस्ट. हिटलरच्या राजवटीनं फासावर दिलेले डीट्रिख बोनहोफर आहेत, ते ल्यूथरन. फाळणीआधीच्या भारतात जन्मलेली आणि पुढे पाकिस्तानात मारली गेलेली एस्तर जॉन आहे, ती प्रेस्बिटेरियन. आणि किंग व बोनहोफर या दोघा प्रॉटेस्टंटांच्या बरोबर मध्ये एल साल्वादोरचे कॅथलिक आर्चबिशप ऑस्कर रोमेरो उभे आहेत.

सालाकडे लक्ष द्या. रोमनं रोमेरोंना संत म्हणून जाहीर केलं ते १४ ऑक्टोबर २०१८ रोजी. म्हणजे ज्या अँग्लिकन चर्चनं १५३४ साली पोपशी संबंध तोडले, त्याच चर्चच्या दारावर हा कॅथलिक बिशप रोमच्या वीस वर्षं आधी जाऊन उभा राहिला होता. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत २४ मार्च हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. अमेरिकेतल्या ल्यूथरन चर्चच्या दिनदर्शिकेतही आहे.

हे अँग्लिकन आम्हा मराठी प्रॉटेस्टंटांना परके नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा कितीतरी मंडळ्या एका छताखाली आल्या. नगर-सोलापूरकडची अमेरिकन मराठी मिशनची जुनी मंडळीही त्यातच आली. तरी आमच्यातल्या बहुतेकांना रोमेरो हे नाव माहीत नाही. नाव घेतलंच, तर पहिला प्रश्न येतो, "कॅथलिक ना?" आणि विषय तिथेच मिटतो.

तो मिटू नये म्हणून हे लिहितो आहे. मी जन्मानं आणि विश्वासानं प्रॉटेस्टंट. संतांपुढे मेणबत्ती लावत नाही, त्यांच्याकडे मध्यस्थी मागत नाही. पण गेल्या शंभर वर्षांत पुलपिटावर उभं राहून देवाचा शब्द सर्वांत नेकीनं कोणी सांगितला, असं मला विचारलं, तर मी या कॅथलिक माणसाचं नाव घेईन.

पुलपिट हा आमचा मानबिंदू. कॅथलिकांची वेदी, आमचं प्रवचन, अशी वाटणी आम्ही मनात पक्की करून ठेवली आहे. नव्या पाळकांची चौकशी करायची झाली तरी आमच्याकडे एकच प्रश्न असतो: प्रवचन कसं करतात? त्यांच्याकडे धूप आणि मूर्ती, आपल्याकडे शास्त्र, असं आमची म्हातारी माणसं ठामपणे सांगायची. शास्त्राचं प्रेम आम्हाला जरूर आहे. मराठीत बायबल आणलं ते प्रॉटेस्टंटांनी. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक हा वारसा आमचा आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण शास्त्र हातात असणं वेगळं आणि त्या शास्त्राच्या उजेडात आपल्या तालुक्यात काय चाललंय ते लोकांसमोर मोठ्यानं सांगणं वेगळं.

रोमेरो दर रविवारी सकाळी आठच्या मिस्साला सान साल्वादोरच्या कॅथेड्रलमध्ये प्रवचन करत. तास-दीड तास, कधी त्याहूनही जास्त. आधी त्या दिवसाची वचनं घेत. जुना करार, पत्रं, शुभवर्तमान. मुद्दे पाडून, शिक्षकासारखी सावकाश उकल करत. मग आठवड्याच्या घडामोडी. कुठल्या गावात पुष्टिसंस्कार झाला, कुठल्या सिस्टरबाईंनी व्रताची पंचवीस वर्षं पूर्ण केली, कोणत्या पॅरिशचा सण आहे. आणि त्याच सुरात, आवाज न चढवता, पुढची यादी. अमुक तारखेला, अमुक वस्तीवर, सरकारी नॅशनल गार्डच्या लोकांनी अमुक माणसाला घरातून उचललं. त्याचं नाव, गाव, वय. तो अजून सापडलेला नाही. अमुक रस्त्यावर अमुक जणांची प्रेतं मिळाली. त्यांची नावं.

ही माहिती ऐकीव नसायची. आर्चडायोसिसच्या कायदा-मदत कार्यालयातले तरुण वकील आठवडाभर बायाबापड्यांचे जबाब लिहून घेत. ज्यांची मुलं बेपत्ता झाली त्या आया बिशपच्या कचेरीत येऊन बसत. १९७७ च्या नाताळच्या सुमारास त्यांचीच एक समिती उभी राहिली, रोमेरोंच्या पाठिंब्यानं. जी वर्तमानपत्रं या बायांचं निवेदन छापायला तयार नव्हती, ती रोमेरोंवर रोज चिखल उडवायला तयार होती. त्यामुळे देशात नक्की काय घडतंय हे कळण्याची जागा एकच उरली: रविवारचं प्रवचन.

ते प्रवचन वायएसएएक्स या चर्चच्या रेडिओवरून थेट ऐकवलं जाई. खेड्यांत घरोघरी, शहरात दुकानांत, टॅक्सीत तेच लागलेलं असे. रस्त्यानं चालत गेलं तरी घरांच्या खिडक्यांतून येणाऱ्या आवाजामुळे एक वाक्य चुकत नसे, असं त्या काळचे लोक सांगतात. त्यांना ऐकणाऱ्यांत प्रॉटेस्टंट होते. सैनिक होते. त्यांच्यावर पाळत ठेवणारेही होते.

म्हणूनच त्या रेडिओच्या यंत्रणेवर बॉम्ब टाकले गेले. बिशपच्या नुसत्या मिस्सासाठी कोणी बॉम्ब टाकला नसता. लॅटिन अमेरिकेत मिस्सा हजारो होत होते, आणि ज्या श्रीमंत कॉफी-मळेवाल्यांच्या पैशावर मारेकऱ्यांच्या टोळ्या पोसल्या जात होत्या, तेही मिस्साला जात होते. त्यांना त्रास होत होता तो नावांचा.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. रोमेरोंची यादी एकतर्फी नव्हती. एप्रिल १९७७ मध्ये डाव्या गनिमांनी देशाचे परराष्ट्रमंत्री मॉरिसिओ बोर्गोनोवो यांचं अपहरण केलं आणि मे महिन्यात त्यांचा खून केला. ११ मे रोजी रोमेरोंनी त्यांच्या अंत्यविधीचा मिस्सा केला आणि त्या खुनाचा निषेध केला. त्याच दिवशी उजव्यांच्या मारेकऱ्यांनी सूड म्हणून फादर अल्फोन्सो नव्हारो यांना गोळ्या घातल्या. रोमेरोंनी त्यांचाही अंत्यविधी केला. दोन शवपेट्या, दोन बाजूंच्या, आणि धर्मगुरू तोच. ज्यांना वाटतं की हा माणूस फक्त एका झेंड्याखाली उभा होता, त्यांनी हा आठवडा वाचावा.

आता रोमेरोंची आधीची ओळख. सियुदाद बारिओस नावाच्या डोंगराळ गावात १५ ऑगस्ट १९१७ रोजी जन्म. पोरवयात सुताराकडे उमेदवारी केली. रोममध्ये शिकले, १९४२ साली तिथेच धर्मगुरू झाले. पुढची तीन दशकं शिस्तीचे, पुस्तकी, लाजाळू, जुन्या वळणाचे धर्मगुरू म्हणूनच ओळखले गेले. जेझुइटांच्या एका शाळेत मुलांना मार्क्सवाद शिकवतात, अशी टीका त्यांनी स्वतः संपादक असताना चर्चच्या साप्ताहिकात केली होती. १९७७ च्या फेब्रुवारीत ते आर्चबिशप झाले तेव्हा सरकार आणि मळेवाले खूश होते. गरिबांत काम करणारे धर्मगुरू हिरमुसले.

१२ मार्च १९७७. जेझुइट फादर रुतिलिओ ग्रांदे आगिलारेसहून एल पाइस्नालकडे मिस्साला निघाले होते. रस्त्यात त्यांची गाडी अडवून मशीनगनच्या गोळ्यांनी त्यांना मारलं. सोबत एक म्हातारा होता आणि पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा, तेही गेले. ग्रांदे रोमेरोंचे मित्र. रोमेरो त्या रात्री तिथे गेले, तीन मृतदेहांसमोर मिस्सा केला आणि उसाच्या शेतात राबणाऱ्यांचं ऐकत बसले. त्यानंतर त्यांनी ठरवलं की पुढच्या रविवारी सगळ्या आर्चडायोसिसमध्ये एकच मिस्सा होईल, कॅथेड्रलच्या चौकात. बाकी सगळी चर्च त्या दिवशी बंद. पोपच्या राजदूतानं विरोध केला. रोमेरो बधले नाहीत. २० मार्चला चौकात सुमारे लाखभर माणूस जमला. खुनाचा तपास होईपर्यंत सरकारी समारंभाला पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि मरेपर्यंत पाळलं. नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीलाही गेले नाहीत.

आमच्याकडचा एक प्रसंग यासमोर ठेवून पाहा. साधा, दरवर्षीचा. नाताळच्या कार्यक्रमाला आमदार साहेब येतात. त्यांना शाल, नारळ, पुष्पगुच्छ. पुलपिटाशेजारी त्यांची खुर्ची. चर्चच्या कंपाउंडच्या भिंतीसाठी निधी मिळतो. त्याच आमदारांच्या मतदारसंघात दलिताला झोडपलेलं असतं, त्याची केस पोलीस घेत नसतात. कमिटीतल्या निम्म्यांना ते ठाऊक असतं. खुर्ची मात्र हलत नाही.

जून १९७७ मधला आगिलारेसचा दिवस मला रोमेरोंच्या सगळ्या प्रवचनांहून जास्त आठवतो. लष्करानं ते गाव महिनाभर ताब्यात ठेवलं होतं. चर्चचं बराकीत रूपांतर झालं होतं, पवित्र भाकरीच्या पेटीवर गोळ्या झाडल्या होत्या, ती भाकर फरशीवर विखुरली होती. लष्कर निघाल्यावर १९ जूनला रोमेरो तिथे गेले. मिस्सा झाला. मग भाकर हातात घेऊन चौकातून मिरवणूक निघाली. समोर नगरपालिकेच्या इमारतीपाशी हत्यारबंद सैनिक आडवे उभे राहिले. बंदुका लोकांकडे रोखलेल्या. पुढचे लोक थांबले आणि मागे वळून बघू लागले. रोमेरो मिरवणुकीच्या शेवटी होते. त्यांनी एकच शब्द सांगितला: पुढे चला. लोक चालत राहिले आणि सैनिकांनी बंदुका खाली केल्या.

मिरवणुकीत भाकर वाहून नेणं आम्हा प्रॉटेस्टंटांना पटत नाही, आणि त्याची शास्त्रीय कारणं मी आजही देऊ शकतो. पण आगिलारेसच्या त्या चौकात त्या भाकरीमागे शेतमजूर चालत होते, आणि ज्यांनी ती फरशीवर फेकली त्यांच्यासमोरून चालत होते. ही भक्ती मला मान्य नाही म्हणून मी त्या दिवसापुढे नमत नाही, असं मला म्हणता येणार नाही.

इथेच आमच्यातल्या सुशिक्षित मंडळींशी माझं भांडण आहे. रोमेरो ज्यांना आवडतात, ते प्रॉटेस्टंट बहुतेकदा त्यांचा झगा उतरवून ठेवतात. क्रांतिकारक, मानवी हक्कांचा नेता, मुक्तीच्या धर्मविचाराचा माणूस. जणू कॅथलिकपणा हा त्यांच्या आयुष्यातला तपशील होता. तो तपशील नव्हता. हा माणूस रोज जपमाळ म्हणत असे. पोपवर त्याची लेकरासारखी निष्ठा होती. बिशप झाल्यावर त्यानं आपल्यासाठी ब्रीदवाक्य निवडलं ते चर्चच्या मनाशी मन जुळवण्याचं. मारला गेला त्या दिवशी दुपारी, मृत्यूला काही तास उरलेले असताना, तो सांता तेक्लाला जाऊन एका म्हाताऱ्या जेझुइटापुढे कन्फेशन करून आला होता.

म्हणून माझं म्हणणं आहे की रोमेरोंना आपल्यातला करून घेऊ नका. ते आपल्यातले नव्हते. आदर करायचा असेल तर त्या कॅथलिक माणसाचा, जपमाळेसकट, कन्फेशनसकट करा.

त्या चर्चनं त्यांना काय दिलं, तेही बघा. देशातले बहुतेक बिशप त्यांच्या विरोधात होते आणि रोमला तक्रारी पाठवत होते. रोमहून चौकशीला माणसं आली. मे १९७९ मध्ये ते स्वतः रोमला गेले तेव्हा पोपची भेट मिळवण्यासाठी त्यांना खेटे घालावे लागले. खून झालेल्यांची आणि चर्चवरच्या हल्ल्यांची कागदपत्रं त्यांनी सोबत नेली होती. जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना बिशपांत एकी राखा, जपून बोला, असं सांगितलं. रोमेरो रात्री टेपरेकॉर्डरवर आपली रोजनिशी बोलून ठेवत. त्या भेटीनं आलेली खिन्नता त्यात आहे. रोमविरुद्ध कडवटपणा शोधून सापडत नाही. पुढच्या जानेवारीत ते पुन्हा रोमला गेले. ती भेट बरी झाली.

प्रॉटेस्टंट असते तर? मला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही. आम्ही बाहेर पडलो असतो. नवी मंडळी, नवा फलक, नवी घटना, नवं नोंदणीपत्र. महाराष्ट्रात किती मंडळ्या अशा फुटल्या, चर्चच्या जमिनी आणि शाळांवरून भाऊ भावाविरुद्ध किती वर्षं कोर्टात उभे आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मार्टिन ल्यूथरनं शेवटी रोम सोडलं ते मला पटतं. पण ल्यूथरनंतरची प्रत्येक फूट ल्यूथरची नव्हती. रोमेरो ज्या घरात अपमान झाला त्या घरात राहिले आणि त्याच घराच्या पुलपिटावरून दर रविवारी बोलत राहिले. या गोष्टीसमोर माझी मान खाली जाते.

१९७९ च्या नोबेल शांतता पुरस्कारासाठी ब्रिटिश संसदेच्या शंभराहून अधिक सदस्यांनी रोमेरोंचं नाव सुचवलं होतं. पुरस्कार कोलकात्याच्या मदर तेरेसांना गेला. त्याचं मला दुःख नाही. पण आपल्याकडे गरिबांची सेवा म्हटलं की मदर तेरेसांचं नाव सगळ्यांच्या ओठांवर येतं, आणि गरिबाला गरीब कोणी ठेवलं, कोणी मारलं, हे विचारणाऱ्या रोमेरोंचं येत नाही. मलमपट्टी करणारा संत सगळ्यांना परवडतो.

१७ फेब्रुवारी १९८० रोजी रोमेरोंनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना पत्र लिहिलं आणि तेच रविवारच्या प्रवचनात वाचून दाखवलं. आमच्या लष्कराला मदत पाठवू नका, ती आमच्याच लोकांवर वापरली जाईल, असा त्याचा आशय. कार्टर म्हणजे बाप्टिस्ट, स्वतः रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, जगातल्या त्या वेळच्या सर्वांत नावाजलेल्या प्रॉटेस्टंटांपैकी एक. कॅथलिक बिशपनं प्रॉटेस्टंट राष्ट्राध्यक्षाला ख्रिस्ती माणूस म्हणून हाक दिली. मदत गेलीच.

त्यानंतरचे दिवस भरभर सरले. फेब्रुवारीत रेडिओ उडवला गेला. मार्चच्या सुरुवातीला बॅसिलिकेत, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या मोठ्या चर्चमध्ये, एक सुटकेस सापडली, तिच्यात डायनामाइटच्या ७२ कांड्या होत्या. २३ मार्चला, उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी, रेडिओ पुन्हा सुरू झाला. त्या सकाळी बॅसिलिकेत अमेरिकेतल्या चर्चच्या परिषदेचं एक आंतरचर्चीय शिष्टमंडळही बसलं होतं, त्यात विल्यम विप्फलर हे एपिस्कोपल धर्मगुरू होते. रोमेरो दीड तासाहून जास्त बोलले. वचनं, मग आठवड्याच्या घडामोडी, मग यादी. आणि शेवटी सैनिकांना थेट उद्देशून: तुम्ही मारताय ते तुमचेच शेतकरी भाऊ आहेत, खून करू नकोस ही देवाची आज्ञा माणसाच्या हुकमापेक्षा वर आहे, देवाच्या नियमाविरुद्धचा हुकूम पाळायला कोणी बांधलेला नाही. विनवतो, आज्ञा करतो, देवाच्या नावानं हे थांबवा.

कोणत्याही लष्कराला हे सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला संध्याकाळी, दिविना प्रोव्हिदेन्सिया या कॅन्सरच्या रुग्णालयातल्या छोट्या चॅपेलमध्ये मिस्सा होता. त्याच आवारात सिस्टरांनी दिलेल्या तीन खोल्यांच्या घरात रोमेरो राहत. एका पत्रकाराच्या आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाचा मिस्सा, वर्तमानपत्रात जाहीर झालेला. वचन होतं गव्हाच्या दाण्याचं, जो जमिनीत पडून मेला तरच पीक देतो. रोमेरो दहाएक मिनिटं बोलले. बाहेर दाराशी लाल रंगाची फोक्सवॅगन येऊन थांबली होती. एक गोळी सुटली, .२२ ची, छातीत लागली.

चित्रांत दाखवतात की त्यांच्या हातात वर उचललेला प्याला होता. तसं नव्हतं. प्रवचन नुकतंच संपलं होतं आणि भाकर-द्राक्षारस अर्पण करायचा भाग सुरू व्हायचा होता. गोळी आली ती शब्द आणि वेदी यांच्या मध्ये. आम्ही प्रॉटेस्टंटांनी आणि कॅथलिकांनी चारशे-पाचशे वर्षं ज्या दोन गोष्टींची वाटणी करून भांडण केलं, त्या दोन्ही त्या माणसाजवळ होत्या आणि त्या क्षणी एकमेकींपासून हातभर अंतरावर होत्या.

३० मार्चला कॅथेड्रलच्या चौकात अंत्यविधी होता. बॉम्ब फुटला, गोळ्या सुटल्या, चेंगराचेंगरी झाली, तिसाहून जास्त माणसं मेली. आपल्या देशातल्या बिशपांपैकी रोमेरोंच्या शवपेटीजवळ एकटे बिशप रिव्हेरा इ दामास होते. बाकीचे आले नाहीत. आणि अमेरिकेतून आलेले प्रेस्बिटेरियन धर्मपंडित होर्हे लारा-ब्राउद होते, रोमेरोंचे स्नेही. स्वतःचे बिशप घरी आणि परक्या पंथाचा मित्र चेंगराचेंगरीत.

हा प्रेस्बिटेरियन एकटा नव्हता. मेदार्दो गोमेझ हे साल्वादोरी ल्यूथरन पाळक, पुढे बिशप झाले. रोमेरोंच्या खुनानंतर पेटलेल्या यादवी युद्धानं घरदार सुटलेल्यांसाठी त्यांनी छावणी उभारली, म्हणून १९८३ मध्ये त्यांना पकडून छळलं गेलं. १९८४ मध्ये सान मिगेलमधले ल्यूथरन पाळक डेव्हिड फर्नांदेझ यांना मारलं गेलं. गोमेझ यांच्या चर्चमध्ये एक पांढरा लाकडी क्रूस होता, त्यावर लोकांनी देशातली पापं लिहिली होती: भूक, छळ, अन्याय. नोव्हेंबर १९८९ मध्ये सैनिकांनी चर्चवर धाड घातली तेव्हा तो क्रूसही राजद्रोहाचा पुरावा म्हणून उचलून नेला. पुढे तो परत मिळाला. रोमेरोंचं काम असं पुढे चालवणं, याला मी आदर म्हणतो. नुसतं रोमेरोंचं पोस्टर लावल्याबद्दल गोमेझ यांना कोणी छळलं नसतं.

त्याच देशात दुसरे प्रॉटेस्टंटही होते, आणि संख्येनं जास्त. राजकारणात पडू नका, तारणाचं तेवढं बोला, असं सांगणारे. आज एल साल्वादोरमधली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जनता प्रॉटेस्टंट आहे. ती बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या मंडळ्यांत आहे. आमच्या मराठी मंडळ्याही बहुतेक त्याच बाकावर बसतात.

संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगानं १५ मार्च १९९३ रोजी अहवाल दिला: रोमेरोंच्या खुनाचा हुकूम उजव्या टोळ्यांचा नेता, माजी मेजर रोबेर्तो दॉब्युइसाँ यानं दिला. पाच दिवसांत संसदेनं सगळ्यांना माफी देणारा कायदा केला. तो कायदा सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये रद्द केला. देशातल्या कोर्टात एकालाही शिक्षा झालेली नाही. स्वतः पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सांगितलं की रोमेरोंचं हौतात्म्य मृत्यूनंतरही चालू राहिलं, कारण त्यांची बदनामी करणाऱ्यांत त्यांचेच धर्मगुरू आणि बिशप होते.

आता माझ्या जिल्ह्याचं. अमेरिकन मराठी मिशनचं, टिळकांचं, ज्ञानोदयचं नगर. २०१४ च्या एप्रिलमध्ये याच जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकवलं. २०१७ मध्ये कोर्टात सगळे आरोपी सुटले. आमच्या मंडळ्यांतली बहुसंख्य माणसं ज्या वस्त्यांतून आली, तसल्याच वस्तीतला तो मुलगा. खुनानंतरच्या रविवारी जिल्ह्यातल्या कितीतरी पुलपिटांवरून शास्त्र वाचलं गेलं असेल. त्याचं नाव कितींवरून वाचलं गेलं, हे प्रत्येक मंडळीनं स्वतःला विचारावं. राजकारण पुलपिटावर नको म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मेलेल्या पोराचं नाव हे राजकारण कधीपासून झालं?

२४ मार्च बहुधा उपवासकाळातच येतो. त्या दिवसांत आमच्या मंडळ्यांत आठवड्यात एकदा तरी खास भक्ती असते. पुढच्या वर्षी त्यातली एक या कॅथलिक आर्चबिशपच्या नावानं ठेवा. फोटो नको, हार नको, पाहुणे नकोत. मंडळीतल्या वकिलांनी आणि शिक्षकांनी आधी पंधरा दिवस तालुक्यात फिरून माहिती गोळा करावी: कोणाची फिर्याद घेतली नाही, कोणत्या गटारात कोण गुदमरून मेला, कोणत्या कारखान्यानं कोणाची मजुरी बुडवली. तपासून घ्यावी, कारण चुकीचं एक नाव वाचलं तर बाकी खरी नावं बुडतील. मग वचन वाचून झाल्यावर पाळकसाहेबांनी ती यादी नावागावासकट, तारखेसकट वाचावी. दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनातून त्यांना बोलावणं आलं, तर पंचकमिटीनं सगळ्यांनी मिळून त्यांच्यासोबत जावं.